"देशात चौदाच उरल्यात, काका"

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका ओळखीच्या घरी जुन्या नोटा विकणारा एक जण भेटला. पाचव्या जॉर्जची एक रुपयाची नोट, तेव्हाचे सरकारी वित्त अधिकारी गुब्बे यांची सही. "काका, या प्रीफिक्सच्या, म्हणजे नंबराआधी हीच खूण असलेल्या, देशात चौदाच उरल्यात." पुरावा म्हणून वही पुढे केली. चौदा नंबर, प्रत्येकासमोर कुठल्या लिलावात दिसली ते. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, ओळीने मांडलेले आकडे दिसले की भुलतो. ३८,००० रोख मोजले, पावती नाही. मागायची लाज वाटली, दुसरं काय.

गोष्ट पटण्यासारखी होती हो. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला ही नोट निघाली, आणि १ जानेवारी १९२६ पासून बंद झाली. इथपर्यंत खरंच. पण छापलेल्यांतून परत आलेल्या वजा केल्या तरी उरलेल्या कळत नाहीत. परत न आलेल्यांत जळालेल्या, वाळवीने खाल्लेल्या आणि आजीच्या ट्रंकेत पडलेल्या, सगळ्याच येतात.

दोन महिन्यांनी जुने लिलावाचे कॅटलॉग घेऊन मीही नंबर उतरवायला बसलो. त्याच प्रीफिक्सच्या २० नोटा मिळाल्या. त्यांतल्या त्याच्या वहीत फक्त २! चौदाच असत्या तर तेच ते नंबर फिरून फिरून आले असते. ढोबळ हिशेब असा: माझ्या वीसांतल्या दोनच, म्हणजे दहांत एकच, त्याच्या वहीत; तर त्याच्या चौदाही एकूण नोटांच्या दहावा हिस्साच असाव्यात. १४ गुणिले २०, भागिले २, म्हणजे १४०. तोही कमीच, कारण ज्या कधी लिलावात आल्याच नाहीत त्या यात कुठून येणार? वही खोटी नव्हती. दिसलेल्या चौदा त्याने उरलेल्या म्हणून खपवल्या. तेव्हा कुणी अशी यादी दाखवली तर एवढंच विचारा, यातला कुठला नंबर दोनदा दिसलाय?

परवा खंडेराव मार्केटजवळ राहणाऱ्या मित्राने हौसेने आपली नवी नोट दाखवली. विकणारा तोच, वही तीच. नंबर माझ्या नोटेच्या लगेच पुढचा. या नोटा २५-२५ च्या पुस्तिकांतून यायच्या, तेव्हा त्याच्या कपाटात अजून किती आहेत देव जाणे.

फोन लावला. म्हटलं, "वहीतल्या चौदांत माझी धरलीय का?"

"हो काका, तुमची धरूनच चौदा."

मित्रालाही त्याने हेच सांगितलं होतं.