वाचनालयाची तालिका कशात ठेवावी: एक्सेल, कोहा, बिबफ्रेम की विकिडेटा?

दुपारी वाचनालयात आम्ही दोघंच असतो, मी आणि देवघेव पाहणारी पोरगी. मागच्या उन्हाळ्यात तिनं संगणकात 'तुकडोजी' टाकलं तर पाच पुस्तकं आली. 'राष्ट्रसंत' टाकल्यावर आणखी दोन. भजनांचं एक पुस्तक मात्र तिच्या हातात असूनही कशातच सापडेना, कारण त्याच्या नोंदीत लेखक होते 'तुकड्यादास'. "सर, हे तुकड्यादास दुसरे हायेत काय जी?" मोझरी आमच्यापासून वीस किलोमीटर, गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, आणि आमच्या संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसं.

शेजारच्या दोन वाचनालयांनी पुस्तकांच्या नोंदी, म्हणजे तालिका, कशात ठेवावी म्हणून विचारलं, तेव्हा मला ही दुपार आठवली. मी तीनच गोष्टी घेऊन सगळे पर्याय तपासले: ग्रामगीता, कवी ग्रेस यांचा एक संग्रह, आणि आमच्या शाळेची जुनी स्मरणिका, जिला ना आयएसबीएन (पुस्तकाच्या ओळखीचा छापील क्रमांक) ना धड प्रकाशक.

एक्सेलपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं तिथंच सुरू होतं आणि तिथंच थांबतं. दाखल रजिस्टरचे रकाने जसेच्या तसे उतरवायचे. खर्च नाही, शिकावं लागत नाही, लाइट गेली तरी लॅपटॉप तास-दोन तास चालतो. तपासणीला दाखल नोंदवही तर ठेवावीच लागते, तिची नक्कल संगणकात आली एवढं समाधान. स्मरणिकाही सुखानं बसते. पण एक्सेलला 'ग्रेस' म्हणजे दोन अक्षरं. ते माणिक गोडघाटे, जन्म १९३७, मृत्यू २०१२, हे त्याला ठाऊक नाही. (तुकडोजींचंही मूळ नाव माणिकच. विदर्भानं आपली दोन माणकं टोपणनावांत ठेवली, आणि तालिका करणाऱ्याच्या डोक्याला ताप.) कवी अनिल म्हणजे मूर्तिजापुरात जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे. त्यांच्या शेजारी दुसरा कुणी अनिल आला की दोघं एकाच ओळीत.

टायपिंगचा घोळ त्याहून बारीक. 'वऱ्हाड' शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायची जगभरची एकच पद्धत) दोन तऱ्हांनी उमटतो: साध्या 'र'ला हलंत देऊन पुढं न दिसणारा जोडक टाकून, किंवा नुक्त्याच्या वेगळ्या 'ऱ'ला हलंत देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात मात्र एक टाकलं की दुसरं सापडेलच असं नाही. वऱ्हाडातल्या वाचनालयात 'वऱ्हाड'च हरवावं! आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नोंदी असतील तर विचारूच नका. एका एजन्सीनं आमच्या दोन हजार नोंदी तशाच टंकून दिल्या होत्या. फॉन्ट बदलताच सगळ्या चिन्हांची खिचडी झाली आणि आम्ही पुन्हा रजिस्टर उघडून बसलो.

आता कोहा, म्हणजे वाचनालयाचं सगळं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालाच्या तारखेला अडखळणार होतं, म्हणून हे बनवलं गेलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि आजही ते फुकटच आहे. आत चालतं ते मार्क २१, म्हणजे संगणकात पुस्तकाची नोंद लिहायची ठरलेली मांडणी. मार्कची मांडणी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांनी केली. मुख्य उद्देश कार्डं छापण्याचा, त्यामुळे प्रत्येक ओळीला, म्हणजे क्षेत्राला, आकडा: २४५ म्हणजे ग्रंथनाम, १०० म्हणजे लेखक, ०२० म्हणजे आयएसबीएन. २००२ मध्ये एका अमेरिकी ग्रंथपालानं 'मार्क मेलं पाहिजे' असा लेख लिहिला, तरी ते अजून ठणठणीत आहे.

आमच्यासाठी मार्कची खरी गंमत अशी की मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी मिळतात. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारताला विकलेल्या गव्हाच्या पैशातून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ पासून भारतातली पुस्तकं घेतली आणि दिल्लीच्या कार्यालयातून त्यांच्या नोंदी केल्या. अडचण लिपीची. त्या नोंदींत नाव रोमन लिपीत असतं, तेही त्यांच्या नियमानं शेवटचा 'अ' धरून, म्हणजे ग्रेसला शेपटी आणि नागपूरलाही शेपटी. देवनागरी रूप असलं तर ८८० या क्षेत्रात. कोहात देवनागरी दाखवायची सोय करावी लागते, आणि ती करून देणारा माणूस तालुक्याला मिळत नाही, अमरावती गाठावी लागते. शिवाय कोहाला लिनक्स पाहिजे. बॅटरी बॅकअप नसेल तर मधेच लाइट गेल्यावर काय होतं ते एकदा पाहून घ्या.

पण तुकड्यादासाचा प्रश्न सुटतो तो इथंच. मार्कमध्ये पुस्तकाच्या नोंदीबरोबर माणसाचीही स्वतंत्र नोंद करता येते, तिला प्रमाणित नावाची नोंद म्हणतात. १०० मध्ये 'तुकडोजी महाराज' (आडनाव नाही म्हणून पहिला निर्देशक, म्हणजे क्षेत्रापुढचा खुणेचा आकडा, ०), ४०० मध्ये 'तुकड्यादास' आणि 'राष्ट्रसंत तुकडोजी'. पुस्तकं या एका नोंदीला जोडली की कोणत्याही नावानं शोधा, आठही येतात. याच नोंदीच्या ०२४ क्षेत्रात विकिडेटाचा (विकिपीडियाच्या घरचा खुला माहितीसाठा) क्रमांक टाकता येतो. सेमँटिक वेबचं, म्हणजे संगणकालाही अर्थ कळावा अशा वेबचं, सगळं भांडवल या एका खणात आहे. नाव लिहिण्याऐवजी त्या माणसाचा जगभर चालणारा पत्ता लिहायचा, म्हणजे दुसऱ्या गावच्या संगणकालाही कळतं की हा तोच.

मधल्या काळात नोंदी करण्याचे नियमही बदलले. एएसीआर२ जाऊन आरडीए आलं, लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते ३१ मार्च २०१३ पासून लावलं. आपल्याला एवढंच कळलं तरी पुरे: नव्या नोंदींत प्रकाशन २६० ऐवजी २६४ मध्ये असतं, आणि ३३६ ते ३३८ अशी तीन क्षेत्रं वाढलेली दिसतात. घाबरू नका.

बिबफ्रेम २०१२ मध्ये मांडलं गेलं, मार्कची जागा घ्यायला. २०१६ ला त्याची दुसरी आवृत्ती आली. ग्रामगीतेवर ते छान समजतं. एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता ही एक कृती. पारायणाची मोठ्या टायपाची छपाई हे तिचं एक रूप, खिशात मावणारी छपाई दुसरं. आणि आमच्या कपाटातली, हळदीचा डाग पडलेली प्रत ही वस्तू. तिन्ही वेगळ्या नोंदी, आणि त्यांच्यात 'हिचं रूप', 'हिची प्रत' अशी नाती. मार्कमध्ये हे सगळं एकाच नोंदीत कोंबलेलं असतं. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१८ मध्ये आपली संयुक्त तालिका या धर्तीवर नेली. मांडणी सुंदर, पण आज ती निवडायची तर आमच्यासारख्यांना देवघेव, दंड, सभासद सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर हाती लागत नाही. आणि निवडली नाही तरी नुकसान नाही: मार्कचं बिबफ्रेम करून देणारं रूपांतर लायब्ररी ऑफ काँग्रेसनंच मोकळं ठेवलंय. नावं नीट जोडलेली असली की रूपांतर चांगलं निघतं. नावं विस्कटलेली असली तर तीन तुकडोजी बिबफ्रेममध्येही तीनच राहतात.

विकिडेटा त्याच वर्षीचं, २०१२ च्या ऑक्टोबरातलं. मोबाइलवरून भरता येतं, मराठीत नाव देता येतं, माहिती कुणीही कशालाही वापरावी अशी मोकळी. गुणधर्मांना क्रमांक आहेत: पी ५० म्हणजे लेखक, पी ७४२ म्हणजे टोपणनाव. कृती आणि आवृत्ती इथंही वेगळ्या ठेवतात. आमच्या पोरीला हे कोहापेक्षा लवकर जमलं. पण ही आपली तालिका नव्हे. पुस्तक कुणाकडे गेलं ते इथं लिहायचं नसतं, आणि शाळेच्या स्मरणिकेला इथं जागा मिळेलच असं नाही. लेखकांपुरतं उत्तम.

ई-ग्रंथालय थोडक्यात. हेही वाचनालयाचं सॉफ्टवेअर, केंद्र सरकारच्या एनआयसीचं, त्याची ४.० आवृत्ती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, चालते, त्यामुळे सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. इंटरनेट भरवशाचं असेल तर कोहाआधी त्याची चौकशी करा. आमच्याकडे पावसाळ्यात नेट चार-चार दिवस गायब, म्हणून आम्ही गेलो नाही.

तर ज्या वाचनालयात एकच ग्रंथपाल, तोही अर्धवेळ, आणि संगणकाचं कळणारं कुणी नाही, त्यांनी कोहाच्या नादी लागू नये. एक्सेलच ठेवावं, युनिकोडमध्ये, पण दुसरी शीट लेखकांची करावी: प्रमाणित नाव, इतर नावं, जन्मवर्ष, विकिडेटा क्रमांक. पुस्तकांच्या शीटमध्ये लेखकाचं नाव टंकायचं नाही, यादीतून निवडायचं. उद्या कोहात जायचं झालं तर हीच शीट प्रमाणित नावांच्या नोंदींत उतरते. दोन माणसं आणि एक जाणकार पोरगा असेल तर सरळ कोहा, आणि पहिल्या महिन्यात पुस्तकांना हात न लावता फक्त नावं.

आमच्या सहा हजार पुस्तकांत लेखक अकराशेच्या घरात निघाले. पोरगी रोज पंधरा-वीस नावं करते. काल 'बाबा' नावाचे चार लेखक निघाले, त्यातले दोन एकच आहेत असं तिला वाटतंय. दाखल रजिस्टरची १९७४ ची वही काढून ती सध्या तेच तपासत बसलीय.