जुनी टाचदुखी: ड्राय नीडलिंग करावं की स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं?

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येते. थोडं चाललं की बरं वाटतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. हे तीन-चार महिने चालू राहिलं की ऑर्थोपेडिक डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतात आणि फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग, म्हणजे स्नायूत बारीक कोरड्या सुया टोचणं. माझं मत आधीच सांगते: फार घाई नसेल तर ड्राय नीडलिंग आधी करावं. पण व्यायाम करायचाच नसेल, तर दोन्हींवर पैसे घालवू नयेत.

स्टिरॉइडचं इंजेक्शन टाचेच्या हाडाला तळपायाचा पट्टा, म्हणजे प्लांटार फॅशिया, जिथे चिकटतो तिथे देतात. एका बैठकीत काम होतं आणि आराम लवकर पडतो. पण तो टिकत नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यानुसार महिनाभरापर्यंत वेदना थोडी कमी होते, त्यानंतर इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसत नाही, आणि हा पुरावाही कच्चाच आहे. शिवाय जुन्या टाचदुखीत सूज कमी आणि पट्ट्याची झीज जास्त असते. स्टिरॉइड झीज भरून काढत नाही. वरचेवर इंजेक्शनं घेतली तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, क्वचित पट्टाच फाटतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

ड्राय नीडलिंगच्या सुईत औषध नसतं. केसासारखी बारीक, भरीव सुई स्नायूतल्या ताठरलेल्या, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठीत घालतात. नेमकी जागा सापडली की स्नायू क्षणभर उडतो. दुखणं टाचेचं असलं तरी बऱ्याच सुया पोटरीत जातात, कारण पोटरीचे स्नायू ताठ असले की टाचेवरचा ताण वाढतो. तळपायातल्या स्नायूंपर्यंत सुई बहुधा पायाच्या आतल्या बाजूने नेतात. ती जागा हुळहुळी असते, तेव्हा 'काही कळणार नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

याचा उपयोग किती, हे मोजणारा एक चांगला प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. 84 रुग्णांपैकी काहींना खरी सुई, काहींना आत न शिरणारी खोटी सुई, आठवड्याला एकदा असे सहा आठवडे. खरी सुई घेतलेल्यांची पहिल्या पावलाची कळ वेदना मोजण्याच्या 100 मिलिमीटरच्या पट्टीवर खोट्या सुईपेक्षा सुमारे 14 मिलिमीटर जास्त कमी झाली. रुग्णाला ठळक जाणवावा असा फरक 19 मिलिमीटरचा धरतात, म्हणजे सरासरी फायदा त्याहून थोडा कमीच. आणि खऱ्या सुईच्या जवळपास एक तृतीयांश भेटींनंतर दुखरेपणा, काळंनिळं पडणं असे किरकोळ त्रास झाले. ते आपोआप गेले, पण झाले. म्हणून याला रामबाण म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

तरी मी ड्राय नीडलिंगच्या बाजूने का? दोन्ही उपचार समोरासमोर ठेवणारा एक अभ्यास इराणमधून 2018 मध्ये आला, 66 रुग्णांचा. तिसऱ्या आठवड्यात स्टिरॉइडवाले स्पष्ट पुढे होते, वर्षअखेरीस ड्राय नीडलिंगवाले. एका छोट्या अभ्यासावर सगळं ठरत नाही, पण दिशा एकच दिसते. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शिकेत टाचदुखीसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं म्हटलं होतं. 2023 च्या आवृत्तीत तो सुचवला आहे. मधल्या काळात पुरावा जमत गेला, म्हणून हा बदल.

घरात लग्न आठ-दहा दिवसांवर आहे आणि उभंच राहता येत नाही, अशा वेळी एक इंजेक्शन समजण्यासारखं आहे. दुसरं, तिसरं मागू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पायाची संवेदना गेली असेल, जखमा लवकर भरत नसतील, गरोदर असाल किंवा सुईची प्रचंड भीती असेल, तर ते ड्राय नीडलिंगच्या आधी नक्की सांगा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं, सुया घेताना तुम्हाला आडवं झोपवलेलं असावं, आणि समोरच्याचं प्रशिक्षण किती हे विचारायला संकोचू नका.

सुईने दुखणं उतरतं त्या आठवड्यांत व्यायाम वाढवायचा असतो. डेन्मार्कमध्ये अभ्यासलेला एक व्यायाम मला सगळ्यांत पटतो: जिन्याच्या पायरीवर दुखऱ्या पायाने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. तीन महिन्यांनी या लोकांना तळपाय ताणण्याचा (स्ट्रेचिंगचा) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बराच जास्त आराम होता. वर्षाने दोन्ही गट सारखे. लवकर बरं व्हायचंय म्हणूनच तो करायचा. आणि फरशीवर अनवाणी वावरणं सोडा, घरातली वेगळी मऊ चप्पल ठेवा. आपल्याकडे याच सल्ल्याला सर्वांत जास्त विरोध होतो.

एक्स-रेत 'हाड वाढलंय' दिसलं म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. काहीच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या टाचेतही ते दिसतं. मात्र रात्री झोपेतही दुखत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर असह्य होत असेल, मुंग्या येत असतील, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर दोन्ही उपचार बाजूला ठेवून आधी निदान करून घ्या.

ड्राय नीडलिंगला चार ते सहा बैठका द्या. रोज सकाळच्या पहिल्या पावलाच्या कळेला दहापैकी किती, हे कॅलेंडरवर लिहीत जा. सहा बैठकांनंतर आकडा जागचा हलला नसेल तर पुढचं पॅकेज घेऊ नका, शॉकवेव्हबद्दल, म्हणजे यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे ठोके देण्याच्या उपचाराबद्दल, विचारा.