गोड हवं, पण पाकातलं नको

परफ्यूमच्या काउंटरवर ‘गोड काहीतरी दाखवा’ म्हटलं की व्हॅनिला, कॅरॅमल आणि प्रालीन (साखरेत घोळलेल्या सुक्या मेव्याचा वास) ह्यांच्या बाटल्या पुढे येतात. ही खाऊच्या वासांची लाट १९९२ साली म्यूग्लरच्या ‘एंजल’पासून आली. त्यात एथिल माल्टॉल भरपूर आहे. म्हातारीच्या केसांना, म्हणजे जत्रेतल्या त्या गुलाबी साखरेच्या कापसाला जो वास येतो, तो ह्याच रसायनाचा. खाली पॅचौली ह्या सुगंधी पानांचा मातकट भार. हे थर सावकाश उडतात, कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत चिकटून राहतात, आणि मे महिन्यातल्या मुंबईत, घामेजल्या अंगावर, लिफ्टमधल्या शेजाऱ्याला नकोसे होतात.

गोडी मात्र दुसरीही असते. सोनचाफा हुंगून पाहा: पिकल्या फळाचा गोडवा आहे, पण तोंडात टाकावंसं वाटत नाही. अशी गोडी बाटलीत हवी असेल तर वासांची यादी (आधी उडणारे वर, शेवटपर्यंत राहणारे तळाला) खालून वर वाचायची. वरच्या ओळीतलं नाशपाती, लिची, पीच फार तर पाऊण तास टिकतं. त्यानंतर अंगावर राहतो तो तळ. तळाला व्हाइट मस्क (धुतल्या कपड्यांसारखा स्वच्छ वास) आणि हलकं लाकूड असेल तर परफ्यूम मोकळा राहतो. तिथे व्हॅनिला, टोंका (व्हॅनिलासारख्या वासाची बी), बेन्झोइन (गोड वासाची राळ) किंवा प्रालीन दिसलं, तर वर कितीही फळं असोत, अर्ध्या तासात मिठाईचं दुकान उघडतं.

ह्या कसोटीवर सगळ्यात नीट उतरतो शनेलचा ‘शान्स ओ तांद्र’, २०१०चा, जॅक पोल्ज यांनी घडवलेला. ग्रेपफ्रूट आणि क्विन्स (सफरचंदासारखं एक फळ) वर, मधे हायसिंथ आणि जाई, खाली व्हाइट मस्क. ग्रेपफ्रूटच्या सालीचा किंचित कडवटपणा गोडीला आवर घालतो, हीच त्याची खुबी. घेताना खोक्यावर ‘ओ द तॉयलेत’ (हलका प्रकार) लिहिलंय ना, ते बघा. २०१९ साली त्याच नावाचा ‘ओ द पार्फम’ (जास्त दाट प्रकार) आला. त्यात गुलाब आणि जाई भरघोस आहेत. वाईट नाही, पण हवेशीरपणा कमी.

वर्साचेचा ‘ब्राइट क्रिस्टल’ (२००६, आल्बेर्तो मोरियास) बहुतेक मोठ्या दुकानांत मिळतो. युझू (जपानी लिंबू), डाळिंब, पिओनीचं फूल, कमळ: पाणीदार, निरुपद्रवी गोड. ऑफिसला उत्तम. टिकतो तीन-चार तास, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. ‘अब्सोल्यू’ नावाचा भाऊ जास्त टिकतो, पण रासबेरीमुळे जॅमकडे झुकतो. ‘ब्राइट क्रिस्टल’चा नकली मालही फार. खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच क्रमांक एकच नसेल तर पैसे देऊ नका.

जो मलोनचा ‘इंग्लिश पेअर अँड फ्रीसिया’ (२०१०) वरच्या नियमाला अपवाद आहे. तळात ‘एंजल’सारखीच पॅचौली आहे, तरी जड होत नाही, कारण ती स्वच्छ आणि मोजकी वापरली आहे. नाशपाती साखरेतली नाही, चावल्यावर कचकन आवाज येईल अशी. अडचण किमतीची: ‘कोलोन’ प्रकार असल्याने दुपारपर्यंत पुन्हा मारावा लागतो, आणि तेवढ्यासाठी मोजावे लागणारे पैसे आम्हाला पटत नाहीत.

गोडी नावापुरतीच हवी असेल तर हर्मेसचा ‘अँ जार्दँ स्यूर ल नील’ (२००५, झाँ-क्लोद एलेना) हुंगा. प्रेरणा नाईलकाठच्या कच्च्या आंब्यांची, आणि आपल्याकडच्या कुणालाही देठाजवळचा चीक आठवेल इतकी कैरी त्यात खरी आहे. आंबट, हिरवा, मागून कमळाची पुसट गोडी. आमरसाच्या आशेने घेणाऱ्याची मात्र निराशा ठरलेली.

आता दोन फसवी नावं. अरियाना ग्रांदेचा ‘क्लाउड’ नावाने ढग आहे, आत प्रालीन, नारळ आणि क्रीम. ज्यांना खाऊचे वास नकोत त्यांनी लांबच राहावं. ‘बक्कारा रूज ५४०’ (२०१५, फ्रान्सिस कुर्कजियान) उलट दिशेने फसवतो. त्यात एथिल माल्टॉल आहे, तरीही तो जड नाही, कारण खाली व्हॅनिलाचा गाळ नसून अँब्रॉक्सन ह्या रसायनाचा कोरडा, खारट तळ आहे. पण हवेशीर म्हणजे मंद नव्हे! एका फवाऱ्यात खोली भरते. बंद गाडीत दोन फवारे म्हणजे सहप्रवाशांवर अन्याय. ह्याच कुर्कजियान यांनी १९९९ साली एलिझाबेथ आर्डेनसाठी केलेला ‘ग्रीन टी’ स्वस्त, लिंबाळ आणि साधा आहे. गोडी हवी तर त्याचा ‘नेक्टरीन ब्लॉसम’ प्रकार बघा. दोन्ही तासा-दोन तासांत संपतात, पण त्या किमतीत तक्रार नाही.

पारख कागदी पट्टीवर करू नका. पट्टी थंड असते, त्वचेवरचा तळ तिच्यावर कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारा (मनगट साबणाने धुतलं जातं), आणि एसीतून बाहेर पडा. वीस मिनिटांनी, दोन तासांनी आणि पाच तासांनी हुंगा. एका दिवशी अंगावर दोनच परफ्यूम, एकेका हातावर एक. वास गेला असं वाटलं तर आधी दुसऱ्या कुणाला विचारा: काही मस्क काही जणांच्या नाकाला मुळीच कळत नाहीत, आणि मग माणूस फवाऱ्यावर फवारे मारत सुटतो.

टिकाव वाढवायला जादा फवारे मारून उपयोग नाही. वरची फळं तशीही उडून जातात, फक्त तळ दुप्पट होतो. त्यापेक्षा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून त्यावर दोन फवारे, एक सुती कपड्यावर, आणि पर्समध्ये १० मिलीची छोटी फवाऱ्याची बाटली. रेशमावर मारू नका, डाग पडतो. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं रसायन) जास्त असलेला द्रव काळाबरोबर तपकिरी होतो आणि पांढऱ्या कपड्यावर खूण सोडतो.

बाटली बाथरूममध्ये ठेवायची नाही. ऊन-वाफेने सगळ्यात आधी लिंबूवर्गीय भाग बिघडतो आणि टर्पेंटाइनसारखा वास मारू लागतो, आणि हलक्या परफ्यूमची अर्धी मजा त्याच भागात असते. म्हणून मिळत असेल तर ३० मिलीचीच घ्या. १०० मिलीची हिशेबात स्वस्त पडते, पण आपल्या उन्हाळ्यात ती संपण्याआधी शिळी होण्याची शक्यता जास्त.