शरीरसंबंधांची भीती मोजायची, तर कोणती प्रश्नावली?

अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर माणसं जोडीदाराजवळ जायलाच घाबरतात, हे कार्डियाक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात, काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ही भीती टिपायची कशाने, एवढाच प्रश्न असतो. इंदूरला आमच्याकडे मी हालचालीची भीती मोजणाऱ्या टॅम्पा स्केलची हृदयरुग्णांसाठीची आवृत्ती आणि हृदयाबद्दलची चिंता मोजणारी कार्डियाक अँग्झायटी क्वेश्चनेअर, दोन्ही वापरल्या आहेत. आयआयईएफ ही प्रश्नावली पहिल्यापासून बाजूला ठेवली. ती पुरुषांची लैंगिक क्षमता तपासते, धास्ती नाही.

टॅम्पात 17 विधानं आहेत. हालचालीलाच घाबरणारा पेशंट ती चटकन पकडते, त्यात तिला तोड नाही. मला नडलं ते तिच्यातल्या 4, 8, 12 आणि 16 या विधानांमुळे. त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात, म्हणजे तिथे सहमती दाखवली तर भीती कमी धरायची. इथल्या रामबाग, लोकमान्य नगरकडची आपली वयस्कर मंडळी फॉर्म हातात घेत नाहीत, वाचून दाखवावा लागतो. असं उलटं विधान वाचलं की काका म्हणतात, "नाही, बरोबर आहे." आता ही सहमती धरायची की असहमती? पुन्हा विचारलं की, "तुम्हीच लिहा हो काय ते!" विषय आधीच संकोचाचा. ही खेचाखेच झाली की पुढचं कुणी मोकळेपणानं बोलत नाही.

अँग्झायटीच्या प्रश्नावलीत 18 विधानं आहेत, पण उत्तर "कधीच नाही" ते "नेहमी" एवढंच द्यायचं. ते आपल्या लोकांना जमतं. भीती, टाळाटाळ आणि छातीकडे सतत लागलेलं लक्ष, असे तिचे तीन भाग. हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या गोष्टी टाळता का, या विधानाशी काका जरा थांबतात. तिथेच हळूच विचारता येतं, "आणि काकूंच्या जवळ जाणं?"

हे विचारावंच लागतं, कारण शरीरसंबंधांबद्दल थेट प्रश्न दोन्हींत नाही. नुसत्या बेरजेवर गेलात तर फसाल. रोज जिने चढणारे, सकाळी फिरायला जाणारे, गुण, म्हणजे भीती, अगदी कमी असलेले एक गृहस्थ डिस्चार्ज झाल्यापासून हॉलमध्ये झोपत होते. संबंधांना साधारण 3 ते 5 मेट्स (शांत बसल्यावर लागते त्याच्या 3 ते 5 पट ऊर्जा) एवढे श्रम लागतात, म्हणजे भरभर दोन जिने चढण्याइतके. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्येच हे मांडलंय. तेवढी ताकद त्यांच्यात होती, धीर नव्हता. अशी उत्तरं मी बेरजेत न मिसळता कागदाच्या कडेला लिहितो. काकूंना वेगळं विचारतो; पुष्कळदा अंथरूण हलवलेलं असतं त्यांनीच.

तुमचा भर व्यायाम सुरू करून देण्यावर असेल, पेशंट स्वतः फॉर्म भरणारे असतील, तर टॅम्पा वाईट नाही. पण समोरच्याला बोलतं करायचं असेल तर, माझ्या मते तरी, पहिल्या भेटीत अँग्झायटीचीच काढावी.