इंग्रजीत वळायचं कसं: क्रियापद धरून की शेपूट धरून?

फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला ऑफ, बॅक असं शेपूट लागून होणारी जोडक्रियापदं) पाठ करायच्या मुख्य पद्धती दोन. एक, क्रियापद धरून: 'टर्न' घ्या आणि त्याला लागणारे ऑफ, बॅक, डाउन, ओव्हर ओळीने उरका. दुसरी, शेपूट धरून: 'ऑफ' घ्या, 'बॅक' घ्या आणि त्यांच्या आधी कुठली क्रियापदं बसतात ते बघा. फोर्ट-कुलाब्यात परदेशी पाहुण्यांना फिरवताना मला यातली वळण्याबिळण्याचीच लागतात, तेव्हा माझं मत तेवढ्यापुरतं धरा.

आधी पहिलीचा मान. शब्दकोश तसेच रचलेले असतात, परीक्षेतही बहुधा तसंच विचारतात, आणि कर्म कुठे घालायचं ते तिथेच नीट कळतं. 'टर्न द कार अराउंड' चालतं. 'कार'च्या जागी 'इट' आलं तर ते मध्येच हवं, 'टर्न इट अराउंड'. 'टर्न ऑफ द हायवे'मधला 'ऑफ' मात्र हायवेला चिकटलेला. 'टर्न द हायवे ऑफ' म्हणालात तर समोरचा हायवेचं बटण शोधत बसेल. दुसऱ्या पद्धतीत हे बारकावे आपसूक हाती लागत नाहीत, हे मान्य.

माझं बिनसलं ते निराळ्याच कारणावरून. 'टर्न'खालच्या यादीत रस्त्यावरची रूपं चार-पाच, बाकी सगळी भरताड. टर्न अप म्हणजे उगवणं, टर्न इन म्हणजे झोपायला जाणं, टर्न आउट म्हणजे शेवटी अमुक निघणं. हुतात्मा चौकात पाहुणे विचारतात, गेटवेला कसं जायचं? काळा घोड्यावरून सरळ रीगल सिनेमा, तिथे सर्कलला डावीकडे, एवढंच सांगायचं असतं. सिग्नल सुटत असतो, मागून हॉर्न, आणि जिभेवर नेमकं झोपायला जाणं येतं. त्यात 'टर्न डाउन' पक्कं फसवं: 'टर्न डाउन द सेकंड लेन' म्हणजे दुसऱ्या गल्लीत वळा, 'टर्न डाउन द ऑफर' म्हणजे नकार द्या. एकाच ओळीत दोन्ही. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. तुमची स्मरणशक्ती बरी असेल तर कदाचित जमेल.

शेपटाकडून गेलं की गर्दी कमी होते. 'ऑफ' म्हणजे चालू वाट सोडणं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे सोडून सहार एलिव्हेटेड रोडने विमानतळाचं टी-टू (टर्मिनल दोन) गाठायचं तर टर्न ऑफ. वडाळा रोड स्टेशनला हार्बर रेल्वेची गोरेगावकडची लाइन फुटते, ती ब्रांचेस ऑफ. सरळ जाणारी बाइक एकदम बाजूला भरकटली तर व्हियर ऑफ. अर्थ एकच, चाल निरनिराळी.

'बॅक' म्हणजे आलो तिकडे. सी लिंकवर दुचाकींना बंदी आहे. चुकून आलेल्या बाइकवाल्याला पोलिस माघारी पाठवतात, ते टर्न बॅक. कुलाबा कॉजवेवर दुकान मागे राहिलं म्हणून त्याच वाटेने उलट फिरणं, ते डबल बॅक. आणि 'अराउंड' नुसतं तोंड फिरवतं, परत जायलाच हवं असं नाही. कोस्टल रोडच्या बोगद्यात मरीन ड्राइव्हकडून शिरलात की साधारण दोन किलोमीटर तेवढंच करता येत नाही. पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचं आणि मग हेड बॅक. (ब्रिटिश पाहुणे 'अराउंड'ऐवजी 'राउंड' म्हणताना जास्त दिसतील. दचकू नका.)

'ओव्हर' मात्र या पद्धतीलाही दगा देतो. 'पुल ओव्हर' म्हणजे गाडी कडेला घेऊन थांबवणं. त्याच शेपटाला 'टर्न' लावलंत तर गाडी उलटी होते. तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही, निदान मला तरी सापडला नाही.

स्पर्धा परीक्षेला बसणार असाल तर क्रियापदवारच जा, उगाच माझ्या नादी लागू नका. पण टॅक्सी चालवत असाल, हॉटेलच्या दारात उभे राहत असाल, तर वहीत ऑफ, बॅक, अराउंड आणि (गल्लीत आत वळायला) इनटू एवढी चार पानं आधी भरा. 'टर्न'चं पान नंतर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.