एलएस बेल्ट (कंबरदुखीसाठी बांधायचा कमरेचा पट्टा), आठ महिन्यांनंतर: पट्टा चांगला, पण कामापुरता

"मणक्यात गॅप आलाय" असं सगळेच म्हणतात. खरं तर गॅप कमी झालेला असतो. वयाबरोबर दोन मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी आटतं, तिची उंची घटते. सर्वांत जास्त झीज कमरेच्या सर्वांत खालच्या दोन चकत्यांत (रिपोर्टमध्ये एल-४/एल-५ आणि एल-५/एस-१) दिसते. पट्ट्याने ती उंची परत येत नाही. येते असं दुकानदार सांगत असेल तर दुसरं दुकान बघा. आणि एमआरआयवर 'झीज' वाचून लगेच घाबरू नका. २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांतही ती आढळली होती.

मग पट्टा करतो काय? पोट आवळून धरतो आणि वाकायला गेलं की त्याच्या पाठीमागच्या आतल्या ताठ पट्ट्या टोचतात. 'वाकू नको' अशी आठवण देणारी ही टोचणीच त्याचं खरं काम.

माप पँटच्या नंबरावरून घेऊ नका, बेंबीच्या रेषेत टेप लावा. पट्टा फार वर बांधला की बसताना बरगडीत रुततो. खालची कड माकडहाडाच्या जरा वर हवी. आधी वेल्क्रो, मग बाजूचे इलॅस्टिक ओढायचे, आणि आत दोन बोटं जायला हवीत. खाली सुती बनियन हवाच, नाहीतर घामोळं ठरलेलं.

बांधायचा तो एसटीच्या प्रवासात, उभ्याच्या कामात, तेही सलग दोन तासांपर्यंत, झोपताना काढायचा. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. पट्टा बांधला म्हणून तो उचलू नका, तिरका करून कडेवर फिरवत न्या.

रात्रीत चकती पाणी शोषून ताठ होते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकून झाडू, बादली नको. रोजचा खरा आधार व्यायामाचा: हात-गुडघे टेकून ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ, १० सेकंद, मग उलट बाजू. शिवाय चालणं. पायात जोर कमी वाटला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर पट्टा नाही, थेट हॉस्पिटल.

टिकण्याबद्दल: सहाव्या महिन्यात इलॅस्टिक सैल पडतं. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा. धुताना आतल्या ताठ पट्ट्या बाहेर काढा आणि सावलीत वाळवा. मशीनमध्ये टाकलात तर शिवण उसवते.