फौजी असल्याचं सांगून जुनं इंजिन विकणाऱ्यापासून सावध राहा

जुनी मॉडेल ट्रेन ऑनलाइन घेणार असाल आणि विकणारा स्वतःला फौजी म्हणवत असेल, तर आधी हे वाचा.

माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आम्ही गोव्यातल्या कुळ्याचे. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते शाळेत होते. पुढे मीटरगेजच्या गाडीनं दूधसागरचा घाट चढून, लोंढ्यावरून बेळगावला जाऊन भरती झाले. तिथल्याच कॅम्पात एका साहेबाच्या घरच्या सामानातून त्यांनी हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश मॉडेल ट्रेनचा संच घेतला. रूळ होते, डबे होते, फक्त इंजिन नव्हतं. ते मिळवायचं त्यांच्या मनात शेवटपर्यंत होतं. वर्षश्राद्धाला गाडी पुरी करून चालवायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं.

जाहिरात दिसली: डब्लोचं ‘डचेस ऑफ अ‍ॅथल’ इंजिन, १९३८चं, मूळ खोक्यासकट, २७ हजार. फोन केला तर पलीकडून, “जय हिंद सर! पिताजी मराठा रेजिमेंट से थे? फिर तो आप हमारे परिवार के हैं.” लगेच ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, वर्दीतला फोटो आला. अर्धे पैसे आधी गेले. मग पार्सल ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’नं निघाल्याची शिक्क्याची पावती आली, आणि गेटपासचे साडेनऊ हजार मागितले, पोचल्यावर परत मिळतील म्हणून. तेही गेले. त्यानंतर आणखी मागणी आली आणि मग फोन बंद.

लक्षात ठेवण्यासारखं असं. डब्लो १९३८ला आली खरी, पण हे इंजिन बाजारात आलं महायुद्ध संपल्यावर. त्यामुळे ‘१९३८चं डचेस’ म्हटलं की तिथंच शंका घ्यायची. दुसरं, इंजिन उलटं करून पोटाचा फोटो मागा. तीन रुळांच्या इंजिनाला खाली मधल्या रुळावर घासत जाणारी धातूची पट्टी असते, वीज तिथूनच येते. दोन रुळांची डब्लो १९५९पासूनची, तिला ही पट्टी नसते. मला पाठवलेल्या पोटाच्या फोटोत पट्टीचा पत्ता नव्हता, म्हणजे दाखवलेलं इंजिन बाबांच्या तीन रुळांच्या संचावर चाललंच नसतं. तो फोटो पैसे गेल्यावर आला. तुम्ही आधी मागा. आणि खरा जवान अनोळखी माणसाला ओळखपत्र पाठवत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार केली आहे. गेटपासचे पैसे बँकेनं रोखून धरलेत, आधीचे निसटले. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच: ज्या जवानाचं ते ओळखपत्र आहे, त्याला बिचाऱ्याला बहुतेक याची खबरही नसेल. तेच कार्ड दाखवून आता म्हापशात कुणाला तरी स्कूटर विकायला काढली आहे. तुमच्याकडे आलं तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि लगेच १९३०ला फोन करा.